परत न येणारं गिऱ्हाईक

सालकिनच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं त्या दिवशी घरात एकच माणूस खूश होतं, ते म्हणजे तिची सासू. म्हातारीने तोंडाने "अरेरे" केलं, गालावर हात ठेवला, सगळं रीतीप्रमाणे केलं; पण दुसऱ्याच वाक्याला गाडी खानावळीवर आली.

"मशीनचा काय भरवसा, पोरी? खिम्याच्या मांती वळणारे हात कधी जळत नाहीत बघ."

खानावळ सासूचीच. बिश्केकच्या ओश बाजारामागच्या गल्लीत सहा टेबलं, एक तंदूर, आणि मोरीवर कायम माणूस कमी. सालकिनचा नवरा तिलेक हा घरातला धाकटा मुलगा, म्हणून रिवाजाने घर, आई आणि आईची खानावळ त्याच्या वाट्याला आली होती. वाट्याला आलेल्या अशा गोष्टी नवऱ्याच्या नावावर आणि बायकोच्या अंगावर असतात. तिलेक टॅक्सी घेऊन दिवसभर बाहेर, आणि त्या मोरीवर सालकिनचं नाव ती नवरी म्हणून उंबरा ओलांडून आली तेव्हाच लिहिलं गेलं होतं.

ती वाचली होती ती मशीनमुळे. लग्नाचे हॉल सजवणारी एक बाई होती, तिच्यासाठी सालकिन चित्रं करून द्यायची. हॉल सजवल्यावर कसा दिसेल ते आधीच दाखवायचं: व्यासपीठ, फुलांची कमान, झुंबरांचा उजेड काचेच्या पेल्यांवर कसा पडेल ते सगळं. चित्र बघून नवऱ्यामुलाची आई पर्स उघडायची. सजावटवाली खूश, सालकिनला तिचा वाटा, आणि त्यातला मोठा वाटा सासूच्या हातावर. सासू पैसे घ्यायची आणि म्हणायची, "जोवर तो पंखा घरघरतोय तोवर बस खोलीत. थांबला की माझ्याकडे ये." ती थट्टा नव्हती. म्हातारी थट्टा करायची तेव्हा आधी स्वतः हसायची.

आता पंखा थांबला होता. पडद्यावर आधी जांभळे चौकोन आले, मग रंगीत रेघा, मग काहीच नाही. नूरूझ, म्हणजे वसंतातला नव्या वर्षाचा सण, तोंडावर आलेला, त्यानंतर लग्नांचा हंगाम, आणि सजावटवालीने सांगून ठेवलेलं की नूरूझच्या आत चित्रं हवीत, नाहीतर दुसरी पोरगी बघते. दुसऱ्या पोरी शहरात पैशाला पासरी होत्या.

दुरुस्तीला देताना सालकिनने कार्डाच्या पत्र्याच्या कडेला नखाच्या लाल रंगाचा बारीक ठिपका लावला. दिलेली वस्तू तीच परत येईल याची त्या बाजारात कोणी हमी देत नाही. पण खरं सांगायचं तर ही तिची माहेरची खोड. नारिनला घरी असताना तिचा चमचा, तिचा कंगवा, तिची गोधडी, सगळ्यावर लाल ठिपका असायचा. धाकटी बहीण आयपेरी तिला एजे, म्हणजे ताई म्हणायची, आणि चिडवायची, "एजे, उद्या नवऱ्याच्या कपाळावरही लावशील हो, हरवायला नको!"

दुरुस्तीवाल्याने कार्ड उलटसुलट करून परत दिलं.

"चिपखालची झाळ सुटलीय, ताई. गरम हवा मारली तर उठेल. पण ते उठणं खरं नव्हे. महिनाभर नाचेल, मग कायमचं झोपेल. कोणी दुरुस्त करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका."

म्हणजे दुसरं घेणं आलं. गाठीशी वीस हजार सोम होते, आणि ते सासूला ठाऊक नसलेले होते म्हणूनच होते.

जुन्या सिनेमागृहाच्या तळघरात कॉम्प्युटरवाल्यांची दुकानं आहेत. सालकिन तिथे उतरली ती मनाशी सगळं ठरवून. पहिल्या दुकानात नवंकोरं मिळत होतं, डब्यातलं, वॉरंटीचा कागद होता, पैशातही बसत होतं. पण त्याची मेमरी आठ जीबीची. तिच्या एका हॉलमध्ये पाचशे खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला रेशमी फीत, प्रत्येक टेबलावर काचा. एवढं आठ जीबीच्या पोटात मावत नाही, आणि मावलं नाही की चित्र अर्ध्यावर अडून बसतं. तिला बारा हवे होते. नवं आणि बारा हवं असेल तर वीस हजारांत फक्त त्याचा डबा आला असता.

दुसऱ्या दुकानात बारावालं निघालं, तेही स्वस्तात, आणि इतकं चकचकीत की सालकिनला तिथेच शंका आली. दुकानदाराने आईची शपथ घेतली. "एका पोराने वापरलंय, ताई. फक्त अभ्यासाला."

सालकिनने कार्ड नाकाशी धरलं. स्पिरिटचा वास येत होता. स्क्रूंची डोकी झिजून गुळगुळीत झाली होती. शहराबाहेरच्या शेडांमध्ये अशी शेकडो कार्डं बिटकॉइनसारखी आकडेमोडीची नाणी पाडायला रात्रंदिवस जुंपून ठेवतात; त्या शेडांना खाणीच म्हणतात. शेडची वीज तोडली की ती सगळी अंघोळ करून बाजारात येतात. अभ्यासू पोरं म्हणून.

"तुझ्या पोराचा अभ्यास फार झालाय रे भाऊ," ती म्हणाली आणि कार्ड ठेवून दिलं. "त्याला आता निजू दे."

तिसरं दुकान मिरलानचं होतं. मिरलान म्हणजे तिलेकचा मोठा भाऊ. त्याच्याकडे ती मुद्दामच सगळ्यात शेवटी गेली. परक्याशी घासाघीस करता येते, त्याच्या तोंडावर वस्तू खोटी म्हणता येते, पाठ फिरवून निघून जाता येतं. मोठ्या दिराने जो भाव सांगितला तो भाव. त्याच्याकडे गेलं नाही तर त्याचा अपमान, आणि गेलं तर आपली कोंडी.

मिरलानने तिला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि खालच्या फळीवरून एक कार्ड काढलं. बारा जीबीचं. एका शिक्षकाने घेतलेलं, जुनी पावती सोबत, स्क्रूंना कोणी हात न लावलेला. त्याने ते तिच्यासमोर मशीनला जोडलं आणि चहा संपेपर्यंत पूर्ण जोराने पळवून दाखवलं. पडद्यावर एक ठिपकाही हलला नाही. सालकिनला ते इतकं आवडलं की तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"तुला खाणीतलं देईन होय मी?" मिरलान म्हणाला. "रोज दुपारी आईकडे जेवायला येतो, चहा तूच ओततेस. तुला फसवून चहा कुठे पिऊ?"

"किती, बायके?" मोठ्या दिराला नावाने हाक मारायची नाही, बायकेच म्हणायचं.

"पंचवीस."

ती गप्प बसली. दिराशी भाव करायचा नसतो आणि उधार मागितलं तर संध्याकाळी सासूच्या कानावर जातं. मिरलानला तिचं गप्प बसणं कळलं. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या खिशाचा तळ बरोबर दिसतो.

"जुनं कुठेय?"

"पिशवीत आहे. पण बायके, ते मेलंय. चिपखालची झाळ सुटलीय."

"माहीत आहे मला. आण इकडे. गरम हवा मारतो, धुतो, नवं मलम लावतो. तू वीस दे आणि ते ठेवून जा. फिटंफाट."

"महिनाभरच चालेल म्हणे ते."

"महिना पुष्कळ झाला."

"आणि नंतर? तो माणूस येईल ना तुमच्या अंगावर."

मिरलान हसला. त्याचे वरचे दोन दात सोन्याचे होते आणि हसताना तो ते दाखवायचाच. "असं कार्ड कोणाला द्यायचं त्यालाही डोकं लागतं, पोरी. परत न येणारं गिऱ्हाईक असतं एखादं. त्याची काळजी तू नको करू."

सालकिनही हसली. इथे तिने हसायला नको होतं, पण हसली खरी. तिच्या मनात आला सीमेपलीकडून माल आणणारा कोणी ट्रकवाला, नाहीतर दारू पिऊन मध्यरात्रीपर्यंत खेळ खेळणारा कोणी. त्या माणसाला तोंड नव्हतं, नाव नव्हतं. मोरीतल्या चरबी थिजलेल्या थाळ्या मात्र तिला स्पष्ट दिसत होत्या. तिने पिशवीतून जुनं कार्ड काढून फळीवर ठेवलं. ठिपका पुसावा असं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घरी आल्यावर सासूने दुआ दिली. नवी वस्तू घरात आली की वडीलधाऱ्याने तळवे उघडून दुआ द्यायची, सगळ्यांनी ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवायचे, मगच ती वापरायची. रिवाज चुकवण्याइतकी म्हातारी वाईट नव्हती. पण दुआ अशी दिली: "या मशीनला लांब आयुष्य मिळो, आणि हिला हात कशासाठी असतात तेही उमजो." तिलेक तोंडावर हात फिरवता फिरवता हसला. सालकिनने मनातल्या मनात अर्धीच दुआ घेतली आणि कार्ड बसवलं. पंखा फिरला. तिला रडू आलं, आनंदाचंच, आणि तिने ते खोकल्यात लपवलं.

त्यानंतर तिला मान वर करायला फुरसत नव्हती. झुंबरं, कमानी, पाचशे खुर्च्या. सजावटवाली फोनवर "वा वा" म्हणायला लागली. त्याच धामधुमीत नारिनहून आयपेरीचे फोन येत होते.

आयपेरीलाही कार्ड हवं होतं. हे काम ती सालकिनकडूनच शिकली होती, फोनवर, दोन वर्षं, शिव्या खात. आता अल्माटीच्या एका स्टुडिओने तिला परीक्षेचं काम दिलं होतं. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर आत्याने शोधून ठेवलेला मुलगा, त्याच्या शंभर मेंढ्या आणि मेंढ्यांसारखीच मान डोलावणारे त्याचे आईबाप. घरच्यांनी पोरीला वसंत संपेपर्यंतची मुदत दिली होती, आणि मुदत दिली म्हणून ते स्वतःला फार उदार समजत होते.

"एजे, कोणतं घेऊ? लोकर विकून जमवलेले पैसे आहेत, एकदाच घेता येईल. तू निवडून दे ना."

"देते गं. जरा थांब. हंगामाची चित्रं एकदा हातावेगळी होऊ देत."

"थांबायला वेळ नाही, एजे."

"आयपेरी, माझ्या मानेवर इथे सुरी आहे. नूरूझ होऊ दे."

तिकडून पोरगी म्हणाली, "बरं, मी बघते काहीतरी." सालकिनने फोन ठेवला आणि पेल्यांवरचा उजेड नीट करायला घेतला. बहिणीला थांबवल्याचं तिला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं तिने नूरूझनंतरसाठी बाजूला ठेवलं.

नूरूझच्या आधीच्या आठवड्यात चित्रं गेली. पसंत पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरलान नेहमीसारखा जेवायला आला. लागमानच्या शेवया झाल्या, तळलेले बोर्सोक आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला, सालकिन चहा ओतायला बसली. सासू आज मऊ होती. पैसे हातात पडले की तिचा आवाज बदलायचा. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आयपेरी, पाठीमागे नारिनच्या घरातली निळी भिंत, आणि पोरीचे गाल थंडीने की आनंदाने लालेलाल.

"एजे! घेतलं मी! आलं! टॅक्सीवाल्याने आत्ताच आणून दिलं!"

"काय आलं?"

"कार्ड! बारावालं! अगं, तुला त्रास नको म्हणून मी तुझ्या मिरलान बायकेंनाच फोन केला. म्हटलं, आपल्याच माणसाचं दुकान असताना बाहेर कशाला जायचं?"

सासूचे कान टवकारले. तिने मान पुढे करून पडद्यात डोकावलं. "कोण, व्याह्यांची धाकटी? अगं, मिरलान इथेच बसलाय! बोललास का रे नाही मला? बघ सालकिन, माझा मुलगा. माणसं म्हणतात ते खोटं नाही, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. माझ्या मिरलानने व्याह्यांचा मान ठेवला."

मिरलानने बोर्सोक मुरंब्यात बुडवला. तो वर बघत नव्हता.

"स्वस्तात दिलं बरं का त्यांनी," आयपेरी सांगत होती. "म्हणजे तसं इथे कोचकोर गावचा एकजण त्याच पैशात देत होता. तो म्हणत होता, घरी ने, दोन दिवस चालवून बघ, नाही पटलं तर परत आण. मी जवळजवळ तेच घेणार होते. पण मग बायकेंनी फोटो पाठवला ना, आणि फोटोत मला काय दिसलं सांगू?"

तिने कार्ड फोनसमोर धरलं. स्वच्छ धुतलेलं, नवं मलम लावलेलं, पंख्यांवर धुळीचा कण नाही. आणि पत्र्याच्या कडेला लाल ठिपका.

"तुझा ठिपका!" आयपेरी हसत सुटली. "मी आईला ओरडून सांगितलं, हे एजेचं आहे! कोचकोरवाल्याला नको म्हणून कळवलं. बायके म्हणाले, दोन दिवस चालवून बघ, पण मी म्हटलं, माझ्या एजेच्या हातची वस्तू, ती काय तपासायची? तू नवं घेतलंस म्हणून हे मला मिळावं असं तूच सांगितलं असणार. मला माहीत आहे तू तोंडाने कधी बोलत नाहीस."

सालकिनच्या हातात चहाची किटली होती. तिने ती खाली ठेवली. मिरलानच्या परत न येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता तोंडही होतं आणि नावही. परका माणूस फसला तर दुकानात येतो, आरडाओरडा करतो, दहा जणांना गोळा करतो. सुनेच्या माहेरची माणसं येत नाहीत. मुलीच्या सासरी पैशासाठी तक्रार घेऊन कोण जाईल? नारिनचं तिचं घर कार्ड जळल्यावर म्हणेल, आपलंच नशीब. आई म्हणेल, सालकिनला कळवू नका, तिला तिथे राहायचंय. हे मिरलानला माहीत होतं. त्यासाठीच त्याने डोकं वापरलं होतं. आणि सगळ्यात कडू गोष्ट ही की हे तिलाही माहीत असायला हवं होतं. ती त्याच रिवाजात वाढली होती, त्याच रिवाजापायी सगळ्यात शेवटी त्याच्या दुकानात गेली होती.

तिने मिरलानकडे पाहिलं. आता त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. पेला पुढे करून तो शांतपणे म्हणाला, "ओत की. आणि पोरीला अडवून नको ठेवू."

"एजे, ऐकतेस ना? मी अजून लावलं नाही हं. दुआ राहिलीय. आई म्हणाली, आम्हाला त्यातलं काय कळतं, ज्या एजेने शिकवलं तिच्याकडूनच घे. आज लावते, रात्रीपासून परीक्षेच्या कामाला बसते. पुढच्या महिनाअखेरीला द्यायचंय. म्हटलं तर पुरेसा वेळ आहे."

महिनाअखेर. आणि ते कार्ड महिनाभरच नाचणार होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: लावू नकोस, परत पाठव. पण त्या एका वाक्यामागे बाकीची रांग लावून उभी होती. मिरलान आईसमोर खोटा ठरणार, म्हातारी आधी रडणार आणि मग ओरडणार, फिटंफाट मोडणार, वरचे पाच हजार नाहीतर आतल्या खोलीतलं ते शांत घरघरणारं कार्ड, दोन्हींतलं एक परत द्यावं लागणार. आणि मग मोरी. एक दुसरंही वाक्य होतं, माझं तू घे आणि ते मला पाठव. ते तिच्या जिभेपर्यंत आलं. आतून पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ते वाक्य तिथेच राहिलं. तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी तिने तोंड उघडलं नाही.

"अगं दे की दुआ!" सासू म्हणाली. "पोरगी ताटकळलीय तिकडे. शुभ कामात तोंड काय असं वाकडं करतेस?" आणि म्हातारीने स्वतःचे तळवे आधीच उघडून धरले. मिरलानने बोटं पुसली आणि तळवे उघडले. पडद्यात आयपेरीने कार्ड मांडीवर ठेवलं आणि हात जोडीने पुढे केले. नखांखाली लोकरीचा रंग होता.

सालकिनने तळवे उघडले.

"तुझं काम चालो," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला लांब आयुष्य मिळो. तुला... तुला नोकरी मिळो. तुझ्यावर कोणाची वाईट नजर न पडो."

"ओमीन," सासू म्हणाली. "ओमीन," मिरलान म्हणाला. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सालकिननेही फिरवले. तिच्या तळव्यांना स्वतःचेच गाल गार लागले.

आयपेरीने डोळे उघडले. ती लहानपणी गोधडीत शिरताना हसायची तशी हसत होती.

"एजे, लावू आता?"

मिरलानचा पेला रिकामा होता. सालकिनने किटली उचलली.

"लाव," ती म्हणाली.